तांदळाच्या डब्यातली पाटी

दारावरची पितळी पाटी चिंचेने घासायला घेतली की त्या आंबट वासासरशी मला गोडदेवची भाड्याची खोली आठवते. केबिन रोडवरचं माझं दुकान बुडालं आणि कोर्टाने मला दिवाळखोर ठरवलं, तेव्हा वसुलीवाल्यांच्या धास्तीने मी माझ्या नावाची ही पाटी काढून तांदळाच्या डब्यात लपवली. कोणी विचारत आलं की शेजारच्या गुजराती बेन त्याला परस्पर वाटेला लावायच्या. पुढे कोर्टाने मोकळं केलं, नोकरी लागली, आणि बऱ्याच वर्षांनी मी होम लोनचा अर्ज केला. बँकेचा माणूस माझा राहता पत्ता तपासायला खोलीवर येणार, हे बेनना सांगायचं मात्र राहूनच गेलं. एका दुपारी जिन्यात त्यांचा आवाज चढला, "भाई, इस नाम का इधर कोई रहता ही नहीं!" मी कणकेच्या हातांनी धावत बाहेर आले, माझं पूर्ण नाव सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि म्हटलं, "जिचं दिवाळं निघालं होतं ती मीच. या, आत या." बँकेच्या त्या माणसाला दाराचा नावासकट फोटो हवा होता. मी डब्यातून पाटी काढली, पण दारावर खिळाच उरला नव्हता, म्हणून बेननी ती पदराने पुसून दोन्ही हातांनी दाराशी धरली, आणि फोटोत त्याही आल्या. त्या कर्जातून घेतलेल्या हाटकेशमधल्या या माझ्या घराच्या दारावर मी सुताराकडून पाटीला स्क्रूच मारून घेतलेत. ही पाटी आता निघायची नाही.