चटईवर लेसिएली बसेल

मनासेच्या घरातलं भांडण व्हायचं ते जाळीच्या दारातून. आत बैठकीत त्याची थोरली बहीण पेलेनाइसे, बाहेर ओट्यावर मनासे. टोंगाच्या माणसांत भाऊ-बहीण मोठे झाले की एका खोलीत ऐसपैस बसत नाहीत, आणि आवाज चढवायचाच झाला तर तो बहिणीने. बेट सोडून सिडनीच्या माउंट ड्रुइटला येऊन अर्धं आयुष्य गेलं, तरी ते दार मध्ये होतंच.

मनासे गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. चौकटीत न मावणारा माणूस. चर्चच्या गाण्यात त्याचा खर्ज लागला की बाकडी थरथरायची. पण बहीण समोर आली की तोच घसा बसायचा. तिच्यापुढे त्याने आजवर ब्र काढला नव्हता.

या खेपेला विषय होता त्याच्या लेकीचा. लेसिएलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. कृत्रिम गुडघे, डायलिसिसची यंत्रं, कानात बसवायची उपकरणं, असलं सगळं घडवायचं शिक्षण.

"किती वर्षं?" आतून पेलेनाइसेने विचारलं.

"चार, आत्या," लेसिएली स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नर्सिंगला?"

"तीन."

"फी?"

"नर्सिंगच्या जवळजवळ दुप्पट."

"आणि सरकारी कर्ज?"

लेसिएलीने दाराबाहेर बापाकडे पाहिलं. कर्ज नागरिकांना. मनासेने नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत आत्ता कुठे भरला होता. उत्तर येईपर्यंत फी रोख.

"वा! बापाने आळस केला, त्याचीही फी भरा आता. बरं, शिकून बाहेर पडलीस की नोकरी?"

"मिळते. पण लगेच मिळेलच असं नाही, जागा कमी असतात. आमच्या ओळखीची एक मुलगी दोन वर्षं हॉस्पिटलांना खाटा विकत होती. मग तिला डिझाइनच्या कामावर घेतलं. आता पगार चांगला आहे."

"खाटा!" आतून टाळीचा आवाज आला. "ऐकलंस ना रे, मनासे? चार वर्षं गणितं घोकून पोरगी खाटा विकणार! अगं, विकायचंच आहे तर शनिवारी बाजारात माझ्या शेजारी उभी राहा. मी फुकट शिकवते."

"आत्या, नर्सचा पगार एका जागी येऊन थांबतो. यात पुढे वाढतो."

"पुढे! तोवर काय हवा खाणार? नर्सला निकालाआधी बोलावणं येतं. आमच्या वृद्धाश्रमातल्या मोठ्या बाईंशी मी बोलूनही ठेवलंय."

पेलेनाइसे दुष्ट नव्हती, हे सांगायलाच हवं. वृद्धाश्रमाच्या धुण्यावर हात झिजवून तिने आईचं मयत थाटात केलं, भावांची लग्नं लावली. देताना तिचा हात कधी आखडला नाही. फक्त द्यायचं कोणाला आणि कशासाठी, ते ती ठरवायची.

"फीची चिंता सोडा," ती म्हणाली. "फेआओच्या बाळाचा वाढदिवस आलाच आहे. चटईवर मी बसणार. जे येईल त्यातून नर्सिंगची फी मी भरते. मिटलं?"

फेआओ म्हणजे मनासेचा मुलगा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आत्या चटयांच्या थरावर बसते, आणि झाडाच्या सालीची रंगवलेली कापडं, विणलेल्या चटया, पाकिटं, सगळा आहेर तिच्यापुढे पडतो. तिच्यापुढे पडलं ते तिचं, त्यावर कोणी बोट ठेवायचं नाही. आता बाळाची सख्खी आत्या लेसिएली. पण आजोबांची बहीण जिवंत असताना पोरीटोरींनी कशाला बसायचं, असं पेलेनाइसेचं म्हणणं, आणि ते खोडायची कोणाची छाती नव्हती.

"ताई, मी जरा विचार..." मनासे दाराबाहेरून पुटपुटला.

"तुझ्या वेळी मी विचार केला, काय वाईट झालं?"

त्याच्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता. जहाजाच्या इंजिनाचं शिक्षण मिळत होतं. ताईने खर्च मांडला, नाही म्हणाली, आणि मनासे गोदामात आला. पुढे दोन वर्षांत ती जहाज कंपनी बुडाली. म्हणजे ताईचं गणित बरोबर निघालं. मनासेला ते कंपनी बुडाल्यापेक्षा जास्त झोंबलं होतं, आणि अजून झोंबत होतं.

तो ओट्यावरून उठला आणि गाडी पुसत बसला. आधीच पुसलेली.

वाढदिवसाला चर्चचा हॉल भरून गेला. भाजलेली डुकरं टेबलांवर ओळीने पालथी, अळूच्या पानांत शिजलेल्या मांसाला नारळाच्या दुधाचा वास. चटईवर कोण बसणार याचा पुकारा करणारा घराण्यातला म्हातारा हालातोआ काठी टेकून उभा. आणि पेलेनाइसे आली! कमरेला मानाची म्हणून गुंडाळलेली आईची जुनी विणलेली चटई, केसांत कासवाच्या पाठीचा कंगवा, मागे चार बायका तिचं भलं मोठं सालीचं कापड पेलत. माणसं आपोआप बाजूला झाली.

मनासे हालातोआच्या कानाशी वाकला.

"काय म्हणालास?" म्हातारा ओरडला. "मोठ्याने बोल!"

मग तो खर्ज लागला.

"चटईवर लेसिएली बसेल. बाळाची आत्या ती आहे."

पेलेनाइसे हॉलच्या मधोमध थांबली.

"कोण बोललं ते?"

"मी, ताई."

"जमिनीकडे काय बघतोस? माझ्याकडे बघून बोल."

मनासेने मान वर केली. "आहेर तिचा. त्यातून काय शिकायचं ते ती ठरवेल. मग खाटा विको, नाहीतर गुडघे."

"माझा हिशोब चुकलाय का? सांग ना सगळ्यांना. चुकलाय?"

"नाही. बरोबर आहे. माझ्या वेळीही बरोबर होता. मला त्या बरोबर हिशोबाचाच वीट आलाय, ताई."

हॉलमध्ये कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं. पेलेनाइसेने मागे न बघता हात हलवला.

"उचला गं. चला."

चार बायका कापडासकट वळल्या. त्यांच्यामागे तिच्या सासरचे उठले, मग शेजारचं टेबल, मग त्याच्या शेजारचं. जाणाऱ्यांनी आपापल्या चटया काखोटीला मारल्या, पाकिटं खिशात घातली. अर्धा हॉल रिकामा झाला. दारातून पेलेनाइसेने लेसिएलीकडे बोट रोखलं.

"बसा, राणीसाहेब. आणि नोकरी नाही मिळाली तर माझ्या वृद्धाश्रमाचं दार ठोठावू नका. धुणंसुद्धा मिळणार नाही."

लेसिएली बसली. फेआओच्या बायकोने हाताला धरून नेलं तेव्हा. ती रडली नाही, चटईची झालर तेवढी बोटांनी पिळत राहिली.

संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर तिने उरलेली पाकिटं उघडली. चटया विकल्या तर काय येईल तेही धरलं.

"एक सत्र होतंय, बाबा. अर्धं वर्ष."

"मग अर्धं वर्ष शीक."

"आणि पुढचं?"

"पुढच्यासाठी अजून कोणाशी वाकडं घ्यायचं ते बघतो," मनासे म्हणाला, आणि हात न लागलेलं एक अख्खं डुक्कर त्याने खांद्यावर टाकलं. घरी खाणारी माणसं आता मोजकीच उरली होती.