मिस्त्रीचं ‘नाही’

आमच्या कारखान्यात पाण्याच्या लोखंडी टाक्या बनत. पत्रा वाकवायचा, जोडायचा आणि जोड पक्का बसावा म्हणून टाकीच्या आत शिरून घणाने ठोकायचं. आत बसून ठोकणाऱ्याला आम्ही ‘पोटातला माणूस’ म्हणायचो. मिस्त्री बावीस वर्षं पोटातला माणूस होता. मी तिथेच स्टोअर सांभाळायचो.

राजकारणात तो आला तो खरोखरच अपघाताने. एका सकाळी साखळी तुटली, टाकी घरंगळली आणि दोन माणसं भिंतीशी चिरडली. मालक म्हणाला, चूक त्यांचीच. मिस्त्री फाटकासमोर जाऊन बसला. नऊ दिवस बसला. दहाव्या दिवशी मालक स्वतः बाहेर आला आणि दोन्ही घरांना भरपाई मिळाली. त्यानंतर लोकांनी मिस्त्रीला सोडलंच नाही, धरून विधानसभेला उभा केला.

पहिल्या खेपेला अनामत जप्त झाली. दुसऱ्या खेपेला समोर तोच जुना आमदार होता, सत्तरी ओलांडलेला, कानाने अधू. मिस्त्रीने सगळा प्रचार त्या कानांवर चालवला. सभेत तो कानामागे हात धरायचा आणि म्हणायचा, “आँ? काय म्हणालात? पाणी नाही? गाणी? बरं, म्हणतो की गाणी!” लोक हसून लोळायचे. मीही हसायचो. चारशे अकरा मतांनी निवडून आला. पुढच्या दोन निवडणुकाही समोरच्याला घाम फोडून जिंकला.

तो आमदार झाल्यावर मी नोकरी सोडून त्याच्या ऑफिसात बसायला लागलो. ऑफिस म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. एक लांब टेबल, दोन बाकं, भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा, त्याला कोपऱ्यात वाळवी लागलेली. सोमवारी आणि गुरुवारी लोक गाऱ्हाणी घेऊन येत. मिस्त्रीच्या शेजारी त्याची बायको, आमच्या वहिनी, वही उघडून बसत. माणूस बोलायला लागला की त्या लिहायला लागत. मिस्त्री घडीत माणसाच्या तोंडाकडे बघे, घडीत वहीकडे. “आमदार कोण, ही की तो?” असं बाहेर बाकावर लोक कुजबुजत.

त्याच्या काही खोडी होत्या. येणाऱ्याला खिडकीच्या उजेडात तोंड करूनच बसवायचा. कोणी झुपकेदार मिशांचा आला की म्हणायचा, “आधी मिशा कापून ये, मग काम करतो.” फोन कधी उचलायचा नाही. “फोनवर माणूस फक्त खोटं बोलतो,” म्हणायचा. तत्त्वाचा माणूस म्हणून आम्हीच ही गोष्ट चारचौघांत मिरवायचो. डोळ्यांसमोर असलेलं दिसत नाही, ते असं.

त्याच्या तिसऱ्या मुदतीतलं शेवटचं वर्ष होतं. सरकारने नवा कायदा आणला. पंधरा दिवसांची नोटीस दिली की मालकाला कारखाना बंद करता येईल, कोणाच्या परवानगीची गरज नाही. मिस्त्री विरोधी बाकावरचा. गावोगाव फिरून त्याने सांगितलं, “मी उभा राहून ‘नाही’ म्हणणार.” सरकारचं बहुमत काठावरचं होतं, त्यांचेच दोन-चार जण कुरकुरत होते. त्यामुळे मताच्या दिवशी वीसेक कामगार आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते.

ऐनवेळी अध्यक्षांनी क्रम बदलला. कायद्याआधी त्यावरची एक दुरुस्ती मताला टाकली. ‘परवानगीशिवाय कारखाना बंद करता येणार नाही’ एवढीच ती दुरुस्ती. म्हणजे तिला ‘होय’ म्हटलं की कामगार वाचत होते. सभागृहात गोंधळ चालला होता. मिस्त्रीच्या शेजारी नेहमी बसणारा वकील आमदार वाद घालायला पुढच्या रांगेत गेला होता. एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. आमच्या बाजूचे सगळे ‘होय’ म्हणत होते. सरकारचेही चार जण ‘होय’ म्हणाले. 

मिस्त्रीचं नाव आलं. तो जरा उशिराने उठला, बाकावर हात ठेवला आणि घण घातल्यासारखा म्हणाला, “नाही!”

आमच्यातला एक जण हसला. त्याला वाटलं, आता सुधारेल. पण मिस्त्री खाली बसला, समाधानाने रुमालाने तोंड पुसत. दुरुस्ती एका मताने पडली. फक्त एका. मागोमाग कायदा मंजूर झाला.

खोलीतले कामगार एकेक करून उठून गेले. शेवटचा माणूस जाताना नकाशा फाडून गेला.

दुसऱ्या दिवशी घराच्या पाटीला डांबर फासलेलं होतं. कारखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘मिस्त्री, कितीला विकला?’ पक्षाने सात दिवसांत खुलासा मागवला. मिस्त्री घरी आला तो मान खाली घालून. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाला, “चूक झाली.” एवढंच. तीन दिवस तेवढंच. बायकोच्या आणि स्वतःच्या ताटापलीकडे बघेना.

मला माझीच लाज वाटत होती. चौदा वर्षं मी या माणसाचा शब्द दारोदार पोचवला होता. आता भाजीवाली मला म्हणत होती, “तुमच्या वाट्याला काय आलं हो?”

चौथ्या दिवशी सकाळी मी तणतणत गेलो. मिस्त्री खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. मी दारातूनच सुरुवात केली.

“मला खरं सांग. पैसे घेतलेस का?”

तो वळला नाही.

“मला तरी सांग! दोन माणसं चिरडली तेव्हा नऊ दिवस बसला होतास. त्यांच्या बायकांना काय तोंड दाखवू मी?”

काही नाही. खिडकीच्या गजावरची धूळ तो बोटाने पुसत होता. माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आईवरून बोललो, आणि ती माउली मला मुलासारखं वागवून गेलेली. तरी त्याची पाठ तशीच, शांत. माणूस एवढा निगरगट्ट असू शकतो?

तेवढ्यात आतल्या दारात वहिनी दिसल्या. हातातलं ओलं फडकं तसंच धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहरा पांढराफटक.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “समोर जाऊन बोला. पाठीमागून बोललेलं त्यांना कळत नाही.”

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग मी बाकावर बसलो. बाक करकरलं. तेही त्याला ऐकू आलं नाही. खिडकीकडून वळल्यावरच त्याने मला पाहिलं आणि दचकला. “तू कधी आलास?”

डावा कान आमदार होण्याआधीच गेला होता. उजवा हळूहळू गेला. टाक्यांच्या पोटातला आवाज वर्षानुवर्षं कानात बसला तो बसलाच. सभागृहात तो वकिलाच्या हालचालीवर चालायचा. त्या दिवशी वकील जागेवर नव्हता. समोरच्याने मागे वळून खूण केली तेव्हा आपलं नाव आलं एवढं मिस्त्रीला कळलं. मत कशावर चाललंय ते कळलं नाही; कायद्यावरच आहे असं त्याने धरलं.

“मग हे सांगून टाक ना!” मी त्याच्या तोंडासमोर बसून ओरडलो.

“ओरडू नकोस, तोंड वाकडं होतं, वाचता येत नाही,” तो म्हणाला. “चोर म्हणतात ना, म्हणू देत. चोराशी लोक निदान भांडायला तरी येतात. बहिऱ्याशी कोणी बोलतच नाही. आणि मी त्या म्हाताऱ्याला काय केलं, तू होतास ना तिथे?”

वहिनी म्हणाल्या, “मी सहा वर्षं सांगतेय, यंत्र लावा. म्हणे, पुढच्या निवडणुकीनंतर.”

त्या दुपारी तो मला घेऊन जुन्या आमदाराच्या घरी गेला. दार मुलाने उघडलं. “बाबा झोपलेत,” म्हणाला. त्याच्या खांद्यावरून आम्हाला म्हातारा दिसत होता. खुर्चीत टक्क जागा, कानात यंत्र, आमच्याकडेच बघत. त्याने हात वर केला नाही, मानही हलवली नाही. मिस्त्रीने हात जोडले आणि जिना उतरला. रस्त्यात एवढंच म्हणाला, “बरोबर आहे त्याचं.”

आठवड्याने त्याने कानात यंत्र घातलं आणि पाळी बदलायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकावर गेला. पक्षाला खुलासा आधी पाठव, असं मी सांगत होतो. तो म्हणाला, “मत पक्षाने नाही दिलं मला.” वहिनी बरोबर होत्या. मी चार पावलं मागे. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

कारखान्यातली आणि वस्तीतली मिळून दोनशे-अडीचशे माणसं जमली. कोणीतरी ओरडलं, “तोंड काळं कर इथून!” एक लोखंडी नट सणसणत आला आणि मिस्त्रीच्या पायापाशी पडला. तो दगडाच्या कट्ट्यावर चढला.

“मी विकला गेलो नाही,” तो म्हणाला. “मी बहिरा आहे. कशावर मत चाललंय ते मला ऐकू आलं नाही. आणि बहिरा आहे हे मी तुमच्यापासून लपवलं. पहिली चूक झाली, दुसरी मी केली.”

मग एक वेल्डर पुढे आला. चिरडलेल्या दोघांपैकी एकाचा धाकटा भाऊ. त्याने तोंडासमोर हातमोजा धरला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं. तो म्हणाला होता, “माझ्या भावाचं नाव काय?”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. यंत्र नवं, भोवती यंत्रांची घरघर. “नाही कळलं,” तो म्हणाला. “हात काढ.”

वेल्डरने हात काढला. डोळे लाल. “मागच्या साली माझी भावजय तुमच्या खोलीत येऊन अर्धा तास रडली. तेव्हा काय ऐकलंत तुम्ही?”

मिस्त्रीने वहिनींकडे बघितलं नाही. “ऐकलं काहीच नाही. हिने लिहिलं ते वाचलं. पोराच्या शाळेचं होतं. काम झालं की नाही?”

“झालं,” वेल्डर म्हणाला. आणि जरा थांबून, “पण तिला वाटलं होतं, तुम्ही ऐकताय.”

मिस्त्री कट्ट्यावरून खाली उतरला. गर्दी पांगली. कोणी दगड मारला नाही, कोणी हातही मिळवला नाही.

पक्षाने तिकीट वकिलाला दिलं. मिस्त्री अपक्ष उभा राहिला. सगळ्यांनी सांगितलं, कशाला हसं करून घेतोस. त्याचं म्हणणं, तोंड लपवून घरी बसलो तर विकलाच गेलो होतो असं ठरेल. यंत्र दिसेल असा फोटो पत्रकावर छापला. सभांत टवाळ पोरं कानामागे हात धरून “आँ? आँ?” करायची. तो थांबायचा, त्यांचं होऊ द्यायचा आणि पुढे बोलायचा. मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागला. तो तिसरा आला. अनामत वाचली. कारखान्याच्या मतदान केंद्रावरसुद्धा वकिलाला त्याच्याहून जास्त मतं होती. तो आकडा त्याने दोनदा वाचायला लावला.

वर्षभरात फाटकावर पंधरा दिवसांची नोटीस लागली. बासष्ट माणसं घरी बसली. त्यातले कित्येक मिस्त्रीशी आजही बोलत नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. पण थकलेल्या देण्यांसाठी कामगार न्यायालयात त्यांची बाजू मांडायला तोच उभा राहतो, कारण त्या टाक्या, ते पगारपत्रक, मालकाची खोड त्याला जेवढी ठाऊक आहे तेवढी कुठल्या वकिलाला नाही. पहिल्या तारखेला न्यायाधीशबाई कागदात डोकं घालून काहीतरी पुटपुटल्या.

मिस्त्री उभा राहिला. “बाई, जरा मोठ्याने बोला, आणि माझ्याकडे बघून. मला ऐकू येत नाही.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. तो तसाच उभा राहिला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, मान वर केली आणि प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारला.

एकेचाळीस जणांचा निकाल लागला, आमच्या बाजूने. एकवीस जणांचा अजून चालू आहे. पुढची तारीख मंगळवारची आहे.