वरची निवळ

घरी आल्यावर आप्पा आधी ब्रश धुवायचे, मग हातपाय. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन ते कधी मोरीत ओतत नसत. डब्यात झाकून ठेवत; सकाळपर्यंत रंग तळाला बसे आणि वरची निवळ ते अलगद बाटलीत काढून घेत. उमेदवारीच्या काळात वस्तादाने त्यांना गटार ओढ्याला मिळतं तिथे नेऊन नुसतं उभं केलं होतं. पाण्यावर रंगाचा तवंग होता, काठाशी मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासूनची ही सवय.

सून या घरात आली आणि बघता बघता तीही तशीच झाली. कालचं पाणी ओतायचं नाही, आधी ते संपवायचं, हे तिनेच लेकीला, चिमणीला, शिकवलं. तुमच्याकडे कचऱ्यालासुद्धा पेन्शन मिळते, असं शेजारीण म्हणायची.

त्या दिवशी आप्पांनी निवळीची बाटली बाहेरून पुसायला नळापाशी ठेवली आणि कामावर निघायच्या गडबडीत तिथेच विसरले. चिमणी शाळेत गेल्यावर सुनेला ओट्यावर तिची पाण्याची बाटली दिसली, रिकामी. नळापाशी सकाळी पाहिलेली आप्पांची बाटली नव्हती. कालचं उरलेलं पाणी समजून पोर ती बाटली घेऊन गेली होती.

ती अनवाणीच धावली. डोळ्यांसमोर एकच: पोरगी मैदानातून धापा टाकत येते आणि घटाघटा पिते.

चिमणी वर्गात बसली होती, ओठ लाल झालेले. एक घोट घेतला, पण थुंकून टाकला, म्हणाली. बाटली मात्र झाकण लावून दप्तरात ठेवली होती.

"ओतलं नाही हं, आई," ती म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत राहिली.

पोटात गेलेलं दिसत नाही, पण संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या, श्वासावर लक्ष ठेवू, असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. आप्पा रंगाच्याच कपड्यांत आले आणि दाराशी थांबले. त्यांना चांगलं खडसवावं असं सुनेला वाटलं. पण पोरीला शिकवलं कुणी? ती लेकीच्या छातीचं वरखाली होणं बघत बसली. पोर खोकली की दोघंही एकदम पुढे होत.

पोर बरी झाली. आप्पांनी निवळ काढणं सोडलं नाही, फक्त बाटली गेली आणि पत्र्याचा डबा आला, तोही कुलपाच्या पेटीत. भीती मात्र कुलपात बसली नाही. पुढे ते अंथरुणाला खिळले, तरी कुणी पाणी ओतून घेतलं की त्यांची मान वळायची. त्यांच्या शेवटच्या सकाळी, आता कॉलेजात जाणाऱ्या चिमणीने उशाशी उभं राहून पाण्याचा पेला स्वतःच्या तोंडाला लावला.

"आधी वास घे," आप्पा म्हणाले, "मग पी."