माफ झालेली पट्टी

जर्मनच्या लढाईआधीची गोष्ट. तोवर कुसगावात लग्न निघालं की मोठी पातेली, हंडे लोणावळ्याच्या दुकानदाराकडून भाड्यानं आणावे लागत, आणि तो ऐन वेळी तोंड फिरवी. म्हणून गावानं स्वतःचीच भांडी घ्यायची ठरवली. वर्गणीची पट्टी दर चुलीमागे, सगळ्यांना सारखी. जो पट्टी भरेल, त्याच्या कार्याला भांडी.

मी दिराच्याच घरात राहायचे, पण घरधनी वारल्यापासून माझी चूल वेगळी होती. लोणावळ्याला दूध घालून मी नि माझी पोर जगत होतो. देवळातल्या बैठकीला बायका जात नसत. दीर जाऊन आला आणि आनंदानं म्हणाला, “वैनी, तुमची पट्टी माफ केली गावानं!”

आधी मलाही बरं वाटलं. मग भाकरी थापता थापता बरं वाटेना, आणि का वाटेना तेच कळेना. शेजारीण म्हणाली, “नशीब काढलंस, बाई.” मला तिचाच राग आला. गाव बिचारं दया करत होतं. त्यावर चिडायला मला झालं होतं तरी काय?

दुसऱ्या दिवशी दूध घालून परतताना एकदम मनात आलं, पुढच्या साली पोरीचं लग्न करायचंय. तशीच देवळाकडं वळले. पट्टी गोळा करणारे आबा पायरीवर बसले होते.

“आबा, माज्या पोरीच्या लग्नाला भांडी कुनाच्या नावानं मिळत्याल?”

“दिराच्या. तुजी चूल त्याच्यातच धरलीया.”

“मग मी रोज पेटवती ती काय हाय?”

आबांनी डोकं खाजवलं. “अगं, पट्टी घेतली तर लोक आमच्या तोंडात शेण घालत्याल, न्हाई घेतली तर तू भांडतीस. करावं तरी काय मानसानं?”

“घ्या.”

“बरं, अर्धी भर.”

आता अर्धी चूल कशी पेटवतात, देव जाणे! पण म्हटलं, “भांडी मागायला मीच येनार. दीर न्हाई.”

आबांनी हात पुढं केला. मग म्हणाले, “ये बाई, तूच ये.”

पदराची गाठ सोडून मी पैसे त्यांच्या हातावर ठेवले. घरी येईपर्यंत मी धड होते. चुलीपुढं बसले नि रडूच फुटलं. पोर घाबरली. “आये, काय झालं?”

“आपल्यालाबी पट्टी बसली गं,” मी म्हणाले, आणि आणखीच रडू लागले.