बाळूला कुठल्या क्लासात उतरवायचं?

घोड्याला आज कितीही खरारा करा, उद्या ब्रश फिरवला की तेवढीच धूळ पुन्हा निघते. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. दर शोनंतर वाटतं, आता याच्यावर आणखी काय होणार? आणि पुढच्या शोला होतंच!

ग्रुप म्हणजे तीन माणसं. मी माधवी, चारकोपची, इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी आणि चाळिशी उलटल्यावर घोड्यावर बसायचं खूळ. मंदार, मुलुंडचा डेंटिस्ट. आणि रेश्मा, गोराईच्या कोळीवाड्यातली, आमच्यात सगळ्यात लहान आणि खरं तर एकटीच नीट बसता येणारी. तिघांत मिळून घोडा एक, बाळू. रेसमधून रिटायर झालेला, पांढराशुभ्र, स्वभावाने शांत. टेन्शन सगळं आमच्याकडे! तो राहतो खाडीपलीकडच्या एका छोट्या रायडिंग क्लबात, आणि आम्हाला शिकवतात घोडदळातून निवृत्त झालेले सर.

थंडीत आसपासच्या क्लबांचे छोटे छोटे शो असतात. त्यात कुठल्या क्लासात, म्हणजे कुठल्या गटात, नाव द्यायचं, इथूनच आमची झोप उडायला सुरुवात होते.

* * *

पहिल्याच शोला मंदारने साठ सेंटिमीटरच्या उड्यांच्या क्लासात नाव दिलं. साठ सेंटिमीटर म्हणजे अडथळा जेवणाच्या टेबलाहूनही बुटका. नाव देताना हा छाती काढून उभा. "अरे, त्यात काय? बाळूला तर जागच्या जागी जमेल!"

शोच्या सकाळी मात्र त्याला हेल्मेटचा पट्टा लागेना. बोटं नुसती थरथरत होती. म्हणाला, "माधवी, तू लाव ना यार." मी लावायला गेले तर माझीही थरथरायला लागली. शेवटी सरांनी लावला.

"काय डॉक्टर," सर म्हणाले, "पेशंटला तर रोज सांगता, अजिबात दुखणार नाही म्हणून!"

"सर, तेव्हा दुखणार त्यांना असतं!"

पण गेला बिचारा, आणि सगळे अडथळे पार करूनही आला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं रे?" तर म्हणे, "माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते."

* * *

मला उडी वगैरे मारायचीच नव्हती. मी आपली सगळ्यात बिनधोक क्लास शोधत होते. शोधता शोधता 'लीड रेन' असं नाव दिसलं. घोड्याचा दोर दुसऱ्या माणसाच्या हातात असेल, एवढंच त्यावरून कळलं आणि मला देव भेटल्यासारखं झालं. पुढचं वाचायला कोण थांबतंय? लगेच नाव दिलं.

त्या दिवशी बाळूवर बसून मी गेटपाशी रांगेत. दोर मंदारच्या हातात. माझ्या पुढे-मागे बुटके बुटके पोनी, त्यांच्यावर रिबिनी बांधलेली गोड मुलं. मला वाटलं, मुलांचा काहीतरी कार्यक्रम आधी असेल.

गेटवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मग वाकून बाळूच्या पलीकडे पाहिलं.

"मूल कुठंय?"

"कुठलं मूल?"

"ज्याचा नंबर आहे ते!"

मी मान खाली घालून म्हटलं, "ते... मीच."

घोड्यावर बसल्या बसल्या धरणी दुभंगत नाही, नाहीतर मी तेव्हाच पोटात गेले असते. आणि त्यात मागच्या पोनीवरची चिमुरडी मला धीर द्यायला लागली. "काकू, घाबरू नका हं. इथे कुणालाच पाडत नाहीत!"

* * *

शोला स्वाराने पांढरी पँट, काळे बूट, कोट, टाय असं सगळं घालायचं असतं. पांढऱ्या पँटला डाग पडेल या धास्तीने मी एकदा घरूनच सगळा जामानिमा करून निघाले, हेल्मेटसकट. सोसायटीच्या वॉचमनने सॅल्यूट ठोकला. तिथेच परत फिरावंसं वाटलं, पण जेट्टीवरून लाँच पकडायची होती.

रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "काय मॅडम, घोडा पंक्चर?"

* * *

टर्नआउटचा एक वेगळाच क्लास असतो. त्यात पळायचं नाही, उडायचं नाही. घोडा आणि स्वार किती स्वच्छ आणि टापटीप आहेत, एवढंच बघतात. मला वाटलं, आपला घोडा पांढराशुभ्र, आपल्याला सोपं! सर मात्र कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम, काळा घोडा मळ पोटात घालतो. पांढरा चुगली करतो."

सकाळी रेश्माने आणि मी बाळूला शॅम्पूने घासून घासून आंघोळ घातली. झकास दिसत होता! मी चहा घ्यायला वळले, आणि मागून 'धप्प' आवाज आला. बाळूसाहेब आडवे, तेही नेमके स्वतःच्याच लिदीवर. उठला तेव्हा पोटावर हा एवढा हिरवा नकाशा!

"वाट लागली, ताई!" रेश्मा किंचाळली. माइकवर आमचा नंबर पुकारत होते. पुन्हा धुवायला वेळ नाही, माझं डोकं बंद. तेवढ्यात शेजारी एक बाई बाळाचे कपडे बदलत होत्या. त्यांच्याकडून पावडरचा डबा मागून घेतला आणि अख्खा डाग भरून काढला. लांबून खरंच काही कळत नव्हतं.

परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. हातात पांढरे मोजे, चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. त्यांनी लगाम बघितला, खूर बघितले, माझे बूट बघितले. जाता जाता त्यांनी बाळूच्या पोटावर एक कौतुकाची थाप मारली.

ढग उठला! सगळ्या रिंगणात तान्ह्या बाळाचा वास! बाई शिंकल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नाव काय याचं?"

"बाळू," मी कसंबसं म्हटलं.

"तरीच. पावडर झाली, तीट लावायची राहिली!"

* * *

आयाळीचंही तसंच. तिच्या बारीक वेण्या घालून, प्रत्येकीची गुंडी वळून दोऱ्याने शिवून टाकायची असते. आमचा दोरा प्रत्येक वेळी तुटायचा आणि ऐन रिंगणात वेण्या सुटायच्या. शेवटी रेश्माने आपल्या आईला आणलं. त्या जाळी विणणाऱ्या. त्यांनी आमचा दोरा बघितला, बाजूला फेकला आणि पिशवीतून आपला जाळ्याचा दोरा काढला. अशा सुरेख गुंड्या घातल्या की दुसऱ्या क्लबची माणसं फोटो काढायला आली!

शो संपल्यावर आम्ही त्या सोडवायला बसलो. एक सुटेना. कात्री लावावी तर आयाळच कापली जाणार. मंदारने दाताची हत्यारं आणली, त्यातलं एक वाकलं. बाळू कंटाळून आमच्याकडे बघतोय. मला रडूच यायला लागलं, आता घोडा जन्मभर असाच राहणार! रेश्माने आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आये, ही गाठ सोडवायची कशी?"

"सोडवायची?" पलीकडून आवाज आला. "मासा सुटू नये म्हणून मारतात ती, गो!"

* * *

आणि हा गेल्या हिवाळ्यातला.

रेश्मा तोवर साठवरच उतरायची. या वेळी ऐंशी सेंटिमीटरच्या क्लासात जावं की नाही, म्हणून आठवडाभर तिने आमचं डोकं खाल्लं. सकाळी हो, संध्याकाळी नाही. शेवटी नाव दिलं, आणि दिल्यापासून तिचं बोलणंच बंद झालं.

त्या दिवशी तिचे बाबा पहिल्यांदाच शोला आले. सगळं आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस. दांडगे खांदे, आवाज खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर जाईल असा. पण आत सरावाच्या जागी रेश्माला पांढरीफटक पडलेली बघितली आणि त्यांचाही चेहरा उतरला.

सर तिला म्हणाले, "अजून नाव मागे घेता येतं, बेटा." तिने नुसती मान हलवली. नाही.

घंटा झाली. ती आत गेली, तसे तिचे बाबा मैदानाच्या बांबूच्या कठड्याशी पाठ फिरवून उभे राहिले. तोंड पार्किंगकडे. दोन्ही हात मागे, बांबूवर घट्ट.

"काका, इकडे बघा ना," मी म्हटलं.

"नको. तुमी सांगा, ताई. कुठं पोचली?"

"पहिला झाला, काका. छान झाला."

बाळूच्या टापा मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या.

"कुठं पोचली?"

"वळतेय. दुसरा झाला. तिसराही झाला!"

मंदार माझ्या शेजारी बांबू धरून उभा होता. त्याची नखं पांढरी पडली होती. चौथ्याला बाळूचा मागचा पाय दांडीला लागला. दांडी हलली, पण पडली नाही. माझा श्वास अडकला. काकांनी तो ऐकला असावा.

"कुठं पोचली, ताई?"

"आता शेवटचा, काका. एकच राहिलाय."

शेवटच्या अडथळ्यासमोर बाळू पाय रोवून थांबला. रेश्मा पुढे फेकली गेली, खोगिरातून सुटून थेट त्याच्या मानेवर. पडली नाही. दोन्ही हातांनी मानेला मिठी मारून लटकून राहिली. लगाम केव्हाच सुटला होता. लोक ओरडले. सर कठड्याखालून वाकून आत धावले आणि मध्येच थांबले.

कारण बाळूने मान थोडी वर घेतली, म्हणजे तिला धरायला बरं पडेल इतकीच. आणि तो वळला. अडथळ्यांच्या मधून, एकेक पाऊल जपून टाकत, तिला तशीच गळ्यात घेऊन चालत निघाला. बाद झाल्याची घंटा वाजली. तो थांबला नाही. गेटही उजवीकडे राहिलं.

"कुठं पोचली?" काकांनी विचारलं.

मी बाळूकडेच बघत राहिले.

"ताई? कुठं पोचली?"

बाळू कठड्यापाशी आला. नाक पुढे करून त्याने ते मागून काकांच्या खांद्यावर टेकवलं.

काका वळले नाहीत. त्यांनी बांबूवरचा एक हात उचलून खांद्यावर नेला. तो बाळूच्या नाकावरून सरकत वर गेला आणि मानेभोवतीच्या मिठीपाशी, रेश्माच्या बोटांवर थांबला.

"आली," ते म्हणाले.