साडूंनी घेतलेल्या स्की

आमच्या थोरल्या साडूंचा या जगात कुणावरही विश्वास नाही. आम्ही अकोल्याला त्यांच्याकडे गेलो की अमरावतीहून किती वाजता निघालात, हे ते मला विचारतात आणि मग आत जाऊन माझ्या बायकोलाही विचारतात. बियाणं घेताना पिशवीवरची तारीख आधी चष्मा लावून वाचतात, मग चष्मा काढून वाचतात, कारण चष्मेवाल्याचाही भरवसा नाही.

अशा माणसाची मुलगी, मिनू, हिमाचलात बर्फावर स्की शिकायला निघाली. शिबिरात स्की, म्हणजे बुटांखाली अडकवायच्या लांब फळ्या, भाड्याने मिळतात, पण परक्यांनी वापरलेल्या वस्तूवर आपली पोर उतारावरून सोडायची, हे साडूंना पटेना. त्यांनी मिनूला न विचारताच तिकडच्या एका दुकानदाराला फोन लावला. नवशिक्याला हनुवटीपर्यंत येणाऱ्या, मऊ स्की बऱ्या, असं तो म्हणाला. साडूंना वाटलं, हा उरलेला आखूड माल गळ्यात मारतोय. त्यांनी डोक्याच्याही वर जाणाऱ्या, कडक मागवल्या. मग त्याने मुलीचं वजन विचारलं आणि सगळंच बिनसलं. "पोरीचं वजन कावून पायजे याले?" फोनवर हात ठेवून साडूंनी मला विचारलं आणि माझं उत्तर न ऐकताच एक्कावन्नाचे सत्तर करून सांगितले.

पार्सल आलं. फरशीवर ठेवल्या तर स्की मधून उचललेल्या. लाकूड ओलं दिलं म्हणत साडूंनी त्यांच्यावर दोन दिवस तुरीची पोती ठेवली. पोती काढली, स्की पुन्हा कमान करून बसल्या. स्की अशाच असतात, असं सांगून मिनू हसत होती. तेवढ्यात तिने खोक्यातली चिठ्ठी वाचली आणि तिचं हसू गेलं.

"बाबा, पडल्यावर बूट स्कीवरच्या या पकडीतून सुटाले पायजे. हे सत्तर किलोच्या हिशोबानं आवळलं हाये. मी पडली त सुटणार नाही, पाय मोडन."

साडू फरशीवरच बसले. मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी त्याच दुकानदाराला फोन केला, खरं वजन सांगितलं आणि तुम्ही म्हणाल त्या स्की द्या म्हणाले. मुलगी आली की पकड मीच बसवून देतो, असं तो म्हणाला. साडू नुसतं बरं म्हणाले.

मिनूला गाडीत बसवून आम्ही घरी आलो. दाराशी साडू थांबले.

"पोरगी पडली त सुटन ना जी तिचा बूट?"

"सुटन," मी म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझी बायको आतच होती. साडू तिला विचारायला गेले नाहीत, माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिले.