आधी पोरीला विचारू

"मशीनला मग विचारू, आधी पोरीला विचारू," असं म्हणत सिस्टर माझ्या सहा वर्षांच्या चिनूच्या छातीवर तळवा ठेवायच्या. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का, हे हाताला कळलं की मगच व्हेंटिलेटरच्या पडद्याकडे बघायच्या.

जबलपूरच्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या आयसीयूत त्या होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या. सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी मात्र घरची मराठी.

मी कारखान्यातला फिटर. बरगीच्या रस्त्यावर मीच चिनूला हौसेनं स्कूटरवर पुढे उभं केलं होतं. गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि हँडल पोरीच्या गळ्यावर, छातीवर आदळलं. श्वासनळीला जखम, एक फुफ्फुस दबलेलं. तोंडातून घातलेल्या नळीतून मशीन तिला श्वास देत होतं, आणि पडद्यावरचा आकडा जरा घसरला की मी बोंब मारायचो.

"काहून ओरडून राहिले जी? ही तुमची फॅक्टरी नाही!" म्हणत त्या पडदाच फिरवून टाकायच्या. मला असा राग यायचा की विचारू नका.

तिसऱ्या दिवशी मी भलतंच केलं. चिनूचे ओठ सुकले होते. आमच्या गावात जीव अडकला की नर्मदामैयाचं पाणी आठवतंच. मी बाटली काढली, चमचा तिच्या ओठांशी नेला. सिस्टरांनी झडप घालून माझं मनगट धरलं.

"नळीच्या बाजूनं छातीत उतरलं म्हणजे?"

वाटलं, आता हाकलणार. त्यांनी बाटली घेतली, कापूस भिजवला आणि चिनूच्या तळपायांना लावला. "मैया पायानंही येते, दादा. रोज इथंच लावा."

मी रडत म्हणालो, "मीच उभं केलं होतं तिला पुढे."

"माहीत आहे. मी पण माझ्या पोराला तसंच नेत होती, तुमची चिनू येईपर्यंत."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. समजूत घालत नाहीत, शेजारी येऊन उभी राहतात.

नवव्या दिवशी नळी निघाली. चिनू घोगऱ्या आवाजात केकाटली. मी गप्प करायला धावलो, तर सिस्टर हसत होत्या. "रडू द्या जी! नऊ दिवसांचं बाकी आहे तिचं."

सहा महिन्यांनी पेढे घेऊन गेलो. चिनू तीन मजले धावत चढली, मी कठड्याला धरत मागून. वर कळलं, नवऱ्याच्या बदलीमुळे सिस्टर गाव सोडून गेल्या. कुठे, ते कुणाला नक्की सांगता येईना.

"बाबा, कोणाला भेटायचं होतं?" चिनूनं विचारलं. ते सगळे दिवस ती झोपेच्या औषधात होती, तिला चेहराही आठवत नव्हता. मला उत्तर द्यायलाही दम पुरेना. पोरीला मात्र जराही धाप लागली नव्हती, आणि ते बघायला त्या नव्हत्या.